सुवासिक देशी भातातली विविधता आणि आनुवंशिकता कशी मोजायची: पहिल्यांदा प्रयोग लावणाऱ्यांसाठी

भात निसवायला लागले की आंबेमोहोराच्या एखाद्या जुन्या खाचराच्या बांधावर थोडा वेळ उभे राहून बघा. एका चुडाची लोंबी बाहेर येऊन फुलोऱ्यात असते, शेजारचे चूड अजून पोटरीतच असते. कुठे दाण्याला बारीक कुसळ दिसते, कुठे नाही. एखादे रोप बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच गेलेले असते. शेतकरी या सगळ्याला एकाच नावाने ओळखतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या राखलेले देशी वाण बहुधा अनेक शुद्ध ओळींचे, म्हणजे दर वेळी स्वतःसारखीच रोपे देणाऱ्या वंशांचे, मिश्रण असते.

आपल्यापुढचा प्रश्न इथेच सुरू होतो. दोन चुडांमधला हा फरक बियाण्यातून पुढच्या पिढीत जाणार आहे, की जमिनीचा उतार, पाणी आणि शेणखताचा ढीग यांनी तो घडवला आहे? सगळा मिळून दिसणारा फरक म्हणजे दृश्य विविधता. त्यातला जनुकांमुळे आलेला वाटा म्हणजे जनुकीय विविधता. आणि दृश्य विविधतेत जनुकीय विविधतेचे प्रमाण किती, ते सांगणारा आकडा म्हणजे आनुवंशिकता, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात हेरिटॅबिलिटी म्हणतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. आनुवंशिकता हा त्या गुणधर्माच्या कपाळावर कायमचा लिहिलेला आकडा नाही. ठरावीक वाणांचा संच, ठरावीक खाचर आणि ठरावीक हंगाम यांचा तो आकडा असतो. ‘उंचीची आनुवंशिकता ऐंशी टक्के’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या वाणांत, कुठे आणि कधी, हे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही.

आधी ठरवा: वाणावाणांतला फरक की वाणाच्या पोटातला?

नव्याने काम करणारे बहुतेक जण इथेच गोंधळतात. आंबेमोहोर, आजरा घनसाळ, चिन्नोर, रायभोग, कमोद अशी वेगवेगळी वाणे शेजारी लावून तुलना करायची असेल, तर तो एक प्रयोग. आजऱ्याच्याच दहा गावांतून घनसाळच्या लोंब्या गोळा करून घनसाळच्या पोटात किती विविधता दडली आहे ते बघायचे असेल, तर तो दुसरा. दोन्हींचे गणित सारखे दिसते, पण बी गोळा करण्याची रीत अगदी वेगळी आहे.

पहिल्या प्रयोगात प्रत्येक वाणाचे बी आधी एकसारखे करून घ्यावे लागते. कणगीतले मिश्र बी तसेच लावले, तर वाणाच्या पोटातला फरक गणितात त्रुटीच्या (ज्याचे कारण सांगता येत नाही अशा फरकाच्या) खात्यात जाऊन बसतो आणि आनुवंशिकता विनाकारण कमी दिसते. दुसऱ्या प्रयोगात नेमके उलटे करायचे. प्रत्येक लोंबी वेगळी कापा, वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि तिला स्वतःचा क्रमांक द्या. एका लोंबीच्या बियांपासून आलेली एक ओळ, हे तुमचे एकक. मला दुसऱ्या प्रकारचे काम जास्त मोलाचे वाटते. मुळशीचा आंबेमोहोर आणि आजऱ्याचा घनसाळ या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. नाव राखायचे आणि वाणही सुधारायचे असेल, तर बाहेरचा संकर आणण्यापूर्वी त्याच वाणाच्या पोटात शोध घेणे हा सरळ मार्ग आहे.

बाहेरच्या संकराचा मार्गही आपल्याकडे यशस्वी झालेला आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेली इंद्रायणी ही आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून निघाली. पण इंद्रायणी वेगळी आणि आंबेमोहोर वेगळा, हे भात खाणाऱ्याला लगेच कळते.

बी घेताना शेतकऱ्याचे गाव, खाचराची जागा, स्थानिक नाव, हळवे की गरवे आणि बी किती वर्षांपासून घरात आहे हे लिहून घ्या. एकच वाण दोन गावांत दोन नावांनी असते आणि एकाच नावाखाली दोन वाणेही सापडतात. हे बी शेतकऱ्याचे आहे. वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा २००१ चा कायदा शेतकऱ्याला स्वतःचे वाण नोंदवण्याचा अधिकार देतो. तुम्ही काय करणार आहात हे त्याला समजावून सांगा, परवानगी घ्या आणि निष्कर्ष त्याच्यापर्यंत परत पोचवा.

आराखडा आणि लावणी

वीस वाणे किंवा ओळी, तीन पुनरावृत्ती (म्हणजे सगळा संच तीन वेगळ्या गटांत एकेकदा लावायचा) आणि यादृच्छिक गट आराखडा, म्हणजे आपला आरबीडी, ज्यात प्रत्येक गटातला वाणांचा क्रम चिठ्ठीने ठरतो. पहिल्या प्रयोगाला एवढे पुरे. त्या विसांतच दोन तुलनेची वाणे घ्या: एक ज्याच्या वासाची खात्री आहे असे, आणि एक अजिबात वास नसलेले. वासाची परीक्षा करताना या दोघांचा फार आधार मिळतो. (पुढच्या गणितात ही दोन धरूनच एकूण वीस मोजली आहेत.)

‘यादृच्छिक’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. माझ्या पहिल्या प्रयोगात मी तिन्ही पुनरावृत्तींत वाणे एकाच क्रमाने लावली होती, कारण पाट्या लावायला आणि नोंदी घ्यायला ते सोपे वाटले. खाचराला एका अंगाला किंचित उतार होता आणि तिथे पाणी साचून राहायचे. यादीतली शेवटची चार वाणे तिन्ही वेळा त्याच साचलेल्या पाण्यात आली. त्यांचे फुटवे कमी निघाले ते वाणामुळे की पाण्यामुळे, हे कुठलेच सूत्र मला सांगू शकले नाही. अख्खा खरीप गेला. चिठ्ठ्या टाका किंवा संगणकाकडून क्रम घ्या, पण प्रत्येक पुनरावृत्तीत क्रम नव्याने ठरवा. आणि एक पुनरावृत्ती शक्यतो एकाच पातळीच्या खाचरात बसवा, म्हणजे उताराचा फरक पुनरावृत्तींच्या खात्यात जाईल.

रोपे सगळ्यांची एकाच दिवशी टाका. २१ ते २५ दिवसांची झाली की लावणी करा. अंतर २० बाय १५ सेंटिमीटर ठेवा. आणि एका चुडात एकच रोप लावा. मजुरांची सवय एका चुडात तीन-चार रोपे लावण्याची असते आणि शेतकरी म्हणून ते योग्यही आहे, पण आपल्या कामात मात्र चालत नाही. तीन रोपांचे फुटवे एकत्र मोजून ‘प्रतिरोप फुटवे’ लिहिले तर तो आकडा कुणाचाच नसतो. लावणीच्या दिवशी स्वतः चिखलात उतरा.

देशी वाणे उंच असतात आणि नत्र जास्त झाले की लोळतात. लोळलेल्या वाफ्यातली उंची, लोंबी आणि उत्पादन या सगळ्याच नोंदी बिघडतात, म्हणून खताची मात्रा बेताची ठेवा आणि सगळ्या वाफ्यांना सारखी द्या. यातली बरीच वाणे दिवसाच्या लांबीला संवेदनशील असतात. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ती फुलोऱ्याकडे वळत नाहीत. पेरणी पंधरा दिवस उशिरा केली म्हणजे फुलोरा पंधरा दिवस पुढे जाईल असे होत नाही. कॅलेंडरवरची तारीख थोडीच सरकते आणि ‘फुलोऱ्याचे दिवस’ कमी भरतात. दोन हंगामांची तुलना करायची असेल तर पेरणीची तारीख शक्य तितकी जवळ ठेवा.

नोंदी: काय मोजायचे आणि कुठून

प्रत्येक वाफ्यातून कडेच्या ओळी सोडून आतली पाच किंवा दहा रोपे निवडा. बांधालगतच्या चुडांना ऊन आणि मोकळी जागा जास्त मिळते, त्यामुळे त्यांचे फुटवे फसवे असतात. निवड नजरेने करू नका. नजर नेहमी चांगल्या रोपाकडे जाते. रोपे लावणीनंतर लगेच, सगळी सारखी दिसत असतानाच निवडून त्यांना टॅग बांधा. टॅगवर पेन्सिलीने लिहा, शाई श्रावणात टिकत नाही.

नोंदींची यादी साधी आहे: पन्नास टक्के फुलोऱ्याला लागलेले दिवस (ही नोंद रोपाची नव्हे, वाफ्याची), रोपाची उंची, लोंबी आलेले फुटवे, लोंबीची लांबी, एका लोंबीतले भरलेले आणि पोचट दाणे, हजार दाण्यांचे वजन, दाण्याची लांबी-रुंदी आणि प्रतिरोप उत्पादन.

यातली दाण्यांची मोजणी जवळून सांगतो, कारण चुका तिथेच होतात. लोंबी कापताना ती वाळून ठिसूळ झाली असेल तर दाणे हातातच झडतात आणि आकडा कमी येतो. म्हणून लोंबी पूर्ण पिकली पण अजून थोडी लवचीक आहे अशा वेळी कापा, लगेच पाकिटात उभी ठेवा आणि मोजणी पांढऱ्या कागदावर करा. भरलेला दाणा चिमटीत दाबला की कडक लागतो, पोचट दाणा दबतो. अर्धवट भरलेल्या दाण्याचे काय करायचे हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्या, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि सगळ्या लोंब्यांना तोच नियम लावा. दोन जण मोजणार असतील तर आधी दोघांनी एकच लोंबी स्वतंत्रपणे मोजून आकडे जुळतात का ते पाहावे. एका पुनरावृत्तीची मोजणी एकानेच करावी, म्हणजे हाताहाताचा फरक पुनरावृत्तीच्या खात्यात जातो आणि वाणांची तुलना शाबूत राहते.

हजार दाण्यांचे वजन घेण्यापूर्वी सगळे नमुने सारख्या ओलाव्यावर आणा. नाही तर तुम्ही पाण्याचे वजन करत बसाल.

वासाचे वेगळे प्रकरण

सुवासिक भाताच्या वासात सगळ्यात मोठा वाटा २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलिन या संयुगाचा आहे. भातात ते १९८२ मध्ये ओळखले गेले. त्यामागचे जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे. त्याला बीएडीएच-२ म्हणतात. हे जनुक धडधाकट असते तेव्हा त्याचे विकर (एन्झाइम) वासाच्या संयुगाचा कच्चा माल दुसरीकडे वळवते. जनुक बिघडले की तो माल साठतो आणि वास तयार होतो. २००५ मध्ये या जनुकातला डीएनएच्या आठ अक्षरांचा गळालेला तुकडा सापडला आणि बऱ्याच सुवासिक वाणांचा उलगडा झाला. पण सगळ्यांचा नाही. काही देशी वाणांत हा तुकडा शाबूत असूनही वास असतो, कारण त्यांच्यात बिघाड दुसऱ्या ठिकाणी आहे. म्हणून केवळ त्या एका मार्करवर (डीएनएमधल्या खुणेवर) विसंबून एखादी ओळ बाद करू नका.

वास हा अप्रभावी गुण आहे. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच तो येतो. भात स्वपरागित पीक आहे, पण थोडा परपराग होतोच. शेजारच्या बिनवासाच्या वाणाचा पराग आला की त्या दाण्यातला वास पहिल्याच पिढीत झाकला जातो. बियाण्यासाठी राखलेल्या वाफ्याभोवती निदान तीन मीटर मोकळी जागा ठेवा.

घरच्या घरी जमेल अशी परीक्षा म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडची. हिरव्या पानांचे बारीक तुकडे दोन ग्रॅम, त्यावर १.७ टक्के द्रावण दहा मिली, झाकण लावून दहा मिनिटे ठेवायचे आणि मग उघडून वास घ्यायचा. द्रावण कातडी भाजते, तेव्हा हातमोजे आणि चष्मा वापरा. नाक बशीच्या वर थोड्या अंतरावर ठेवा. नमुन्यांना फक्त क्रमांक द्या, नावे झाकून ठेवा. निदान तीन जणांना वास घ्यायला लावा आणि चार-पाच नमुन्यांनंतर मोकळ्या हवेत थांबा, कारण नाक लवकर थकते. मघाशी घेतलेली ती दोन तुलनेची वाणे प्रत्येक फेरीत मध्येच ठेवा. बिनवासाच्या नमुन्याला कुणी ‘तीव्र’ म्हणाले तर ती फेरी रद्द करा.

वास आहे की नाही हे जनुक ठरवते. तो किती आहे हे मात्र हवा, माती आणि साठवण यांवरही अवलंबून असते. दाणे भरताना हवा गार असेल तर वास चांगला उतरतो, आणि साठवणीत तो उडत जातो. त्यामुळे नाकाने दिलेल्या शून्य ते तीन गुणांवर आनुवंशिकता काढून छापणे मला पटत नाही. प्रमाण मोजायचे असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफी (संयुगे वेगळी करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) करून घ्यावी, आणि सगळे नमुने एकाच दिवसाच्या कापणीचे असावेत.

गणित: एकदा तरी हाताने करा

आधी वाफ्याची सरासरी काढा आणि तिच्यावर अनोव्हा करा, म्हणजे एकूण फरकाची वाण, पुनरावृत्ती आणि त्रुटी अशी वाटणी करा. वीस वाणे आणि तीन पुनरावृत्ती असतील तर मुक्ततेचे अंश (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) असे येतात: वाणांचे १९, पुनरावृत्तींचे २, त्रुटीचे ३८, एकूण ५९. एफ-चाचणीत (वाणांमधला फरक त्रुटीच्या तुलनेत किती मोठा, ते पाहणाऱ्या चाचणीत) वाणांमधला फरक लक्षणीय ठरला तरच पुढे जा. नसेल तर तिथेच थांबा, कारण त्यापुढचे आकडे पोकळ असतात. कधी त्रुटीचा एमएसएस (वर्गांची बेरीज भागिले मुक्ततेचे अंश) वाणांपेक्षा मोठा निघतो आणि जनुकीय विचरण (जनुकीय फरकाचे माप) ऋण येते. ते शून्य धरावे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लोंबीतल्या भरलेल्या दाण्यांची सरासरी १४०, वाणांचा एमएसएस २४००, त्रुटीचा एमएसएस ३००.

जनुकीय विचरण = (२४०० − ३००) ÷ ३ पुनरावृत्ती = ७००
दृश्य विचरण = ७०० + ३०० = १०००
जीसीव्ही (जनुकीय फरक सरासरीच्या टक्क्यांत) = (७०० चे वर्गमूळ ÷ १४०) × १०० = १८.९ टक्के
पीसीव्ही (दृश्य फरक सरासरीच्या टक्क्यांत) = (१००० चे वर्गमूळ ÷ १४०) × १०० = २२.६ टक्के
आनुवंशिकता = ७०० ÷ १००० = ७० टक्के
निवडीतून अपेक्षित प्रगती (पुढच्या पिढीच्या सरासरीत होणारी वाढ) = २.०६ × ३१.६२ × ०.७० = ४५.६ दाणे, म्हणजे सरासरीच्या ३२.६ टक्के

यातला ३१.६२ म्हणजे दृश्य विचरणाचे वर्गमूळ. २.०६ हा आकडा वरची पाच टक्के झाडे निवडली तर लागू पडतो. दहा टक्के निवडणार असाल तर तो १.७६ होतो.

जीसीव्ही आणि पीसीव्ही दहाच्या खाली असले तर कमी, दहा ते वीस मध्यम, वीसच्या वर जास्त. आनुवंशिकता तीसच्या खाली कमी, साठच्या वर जास्त. प्रगती सरासरीच्या दहा टक्क्यांखाली कमी, वीसच्या वर जास्त. या पट्ट्या अनेक दशके वापरात आहेत. पण त्या सोयीसाठी आखलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवा.

आता त्याच काल्पनिक प्रयोगातले आणखी दोन गुणधर्म शेजारी ठेवा. फुलोऱ्याचे दिवस: सरासरी ११०, जनुकीय विचरण ३०, त्रुटी ५. आनुवंशिकता जवळजवळ ८६ टक्के येते, पण जीसीव्ही फक्त ५ टक्के आणि प्रगती सरासरीच्या साडेनऊ टक्के. लोंबी आलेले फुटवे: सरासरी ८, जनुकीय विचरण ०.४, त्रुटी १.४. जीसीव्ही ७.९, पीसीव्ही १६.८, म्हणजे दुपटीहून जास्त. आनुवंशिकता २२ टक्के. फुटव्यांमध्ये डोळ्यांना दिसणारा बहुतेक फरक शेताचा आहे. एखाद्या चुडाला पंधरा फुटवे बघून त्याचे बी राखले तर पुढच्या वर्षी निराशाच पदरी येईल. दाण्यांच्या संख्येवर केलेली निवड मात्र पुढच्या पिढीत दिसेल. फुलोऱ्यावरची निवड खात्रीची असली तरी फार लांब नेणार नाही, कारण निवडायला मुळात फरकच थोडा आहे.

इथे एक सवय मोडावी असे मला मनापासून वाटते. आनुवंशिकता जास्त आणि प्रगती कमी दिसली की ‘इथे अयोगात्मक जनुकक्रिया आहे’ (म्हणजे जनुकांचे परिणाम साध्या बेरजेचे नाहीत) असे वाक्य अनेक प्रबंधांत सरसकट लिहिलेले असते. शुद्ध ओळींच्या संचात संकरित रोपेच नसतात, मग प्रभाविता (जनुकाच्या एका प्रतीने दुसरीला झाकणे) दिसणार कुठून? अशा वेळी आधी जीसीव्ही बघा. बहुतेकदा उत्तर एवढेच असते की त्या संचात त्या गुणाची विविधताच कमी आहे.

दुसरी खबरदारी. वरचे सूत्र एका वाफ्याच्या पातळीवरचे आहे. कुणी त्रुटीला पुनरावृत्तींच्या संख्येने भागून घेतो, तेव्हा तोच आकडा ७०० ÷ (७०० + १००) = ८७.५ टक्के होतो. दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांची एकमेकांशी तुलना करता येत नाही. तुमचा आकडा कुठल्या पातळीचा आहे हे तक्त्याखाली लिहा, आणि दुसऱ्याचा वाचताना ते शोधा. ही सगळी व्यापक अर्थाची (एकूण जनुकीय फरकावर काढलेली) आनुवंशिकता आहे, हेही तिथेच नमूद करा.

एकदा वहीत हे जमले की मग संगणक वापरा. साध्या स्प्रेडशीटमध्येही हे सगळे बसते.

पुढचा खरीप

एका वर्षाच्या, एका जागेच्या प्रयोगात वाण आणि हंगाम यांची एकमेकांवर होणारी क्रिया जनुकीय विचरणातच मिसळलेली असते, त्यामुळे आनुवंशिकता फुगलेली दिसते. दुसऱ्या वर्षी, जमल्यास दुसऱ्या गावातही, तोच संच लावा आणि दोन्ही वर्षांचे एकत्र विश्लेषण करा. आकडा खाली आला तर घाबरू नका. तो खऱ्याच्या जवळ आलेला असतो.

निवडलेल्या प्रत्येक रोपाचे बी वेगळ्या पाकिटात, सावलीत वाळवून, क्रमांक आणि तारीख घालून ठेवा. पुढच्या खरिपात प्रत्येक पाकिटाची एक ओळ लावा, आणि दर दहा ओळींनंतर मूळ शेतकऱ्याच्या बियाण्याची एक ओळ. ओळ सगळी एकसारखी निसवली तर ती शुद्ध आहे, तिच्यात आणखी निवड करून काही हाती लागणार नाही. ओळीत फरक दिसला तर तिथून पुन्हा रोपे निवडा. पाने कोवळी असतानाच वासाची परीक्षा उरकून घ्या, म्हणजे वास हरवलेल्या ओळी फुलोऱ्याआधीच उपटून टाकता येतील आणि त्यांचा पराग बाकीच्यांपर्यंत पोचणार नाही.